पायरीवरचा टप्पा

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. अकोला

काय झालं ते आधी क्रमाने.

१. मार्चमध्ये मुंबईची हार्डविक कंपनी आणि तिची वैरीण नॅशनल गेम्स एक झाल्या. आम्ही हार्डविकचे विक्रेते. अमरावतीचे अय्युबचाचा नॅशनलचे.
२. ऑगस्टमध्ये नव्या कंपनीचे फुटबॉल आले. तोंड आवळायची चामडी वादी नसलेले, हवा भरायच्या झडपेचे.
३. बाबांनी टप्पा ऐकला. आवाज बद्द, म्हणून चेंडू वाईट ठरवले. तशी तक्रार लिहून पेट्या परत केल्या.
४. बाबांच्या शब्दावर अय्युबचाचांनीही त्यांच्या परत केल्या.
५. काल पत्र आलं. दोघांच्याही एजन्सी १ डिसेंबरपासून बंद. पुढे माल नागपूरच्या डेपोतून.
६. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली, दुकानात गेले, हॉकीच्या काठ्यांना जवसाचं तेल लावत बसले.

दिवाळीचे दिवे अजून कोनाड्यातून काढलेले नाहीत.

१३ नोव्हेंबर. अमरावती

सकाळच्या गाडीने परत. प्रयोगशाळेत दिवसभर सिमेंटचे ठोकळे दाबून फोडले. यंत्राचा काटा थांबतो तो आकडा लिहायचा. मला हे काम आवडतं ते यासाठीच.

आमच्याकडे असं नव्हतं. दुकानाची काळ्या दगडाची पायरी – तिला मध्ये खळगा पडलाय. गिऱ्हाईक चेंडू घेऊन त्या पायरीवर तीन टप्पे घेणार, बाबा पाठ फिरवून उभे राहणार. नजर फसवते म्हणून पाठ! मग म्हणणार, "घ्या" नाहीतर "ठेवा". बाळापूर-बार्शीटाकळीचे मास्तर बैलगाडीने यायचे, त्या एका शब्दासाठी. लहानपणी मला वाटायचं, सगळी दुकानं अशीच असतात.

१४ नोव्हेंबर

सुपरवायझर म्हणाले, "मिस गावंडे, आज दोन आकडे खोडलेत तुम्ही." कधी खोडत नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

कामावरून सुटल्यावर जवाहर गेटला, अय्युबचाचांकडे. निम्मी फडताळं रिकामी. चिखलदऱ्याच्या शिकारी लोकांना भाड्याने द्यायचा मोठा तंबू कोपऱ्यात गुंडाळून, सुतळीने बांधलेला. तो आता जिनिंगवाले घेणार म्हणे, सरकीवर झाकायला.

"ये मनू. तुहा बाप कसा हाये?"

"बरे आहेत."

"नालायक हाये तो. तीस वर्स माही गिऱ्हाइकं पळवली त्यानं. पन कान! कान वलीचा हाये त्याचा, पीराचा."

मी विचारलं, "चाचा, परत करण्याआधी तुम्ही स्वतः टप्पा घेऊन पाहिला होता?"

"घेतला ना."

"मग?"

"मले तं बरे वाटले." हसले. "पन म्या म्हटलं, खुशालराव बद्द म्हन्ते, तं बद्दच असंल. त्याच्याम्होरं माहा कान म्हंजे काय, भेंडीचं बोंड!"

पेटीतून काढलेला एक चेंडू त्यांच्याकडे राहून गेला होता. मी मागून घेतला. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत, सगळे गेल्यावर, भिंतीवर खडूच्या खुणा करून चेंडू सोडून पाहिला. उसळी ठीक. शिवण ठीक. झडप ठीक. आवाज – मला तरी – खणखणीत.

कान मोजता येत नाही. पण बाकीचं सगळं ठीक आहे.

१८ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

चेंडूची थोडी हवा काढून, पिशवीत पातळाखाली घालून आणला. मूर्तिजापूरला शेजारची बाई म्हणाली, "पोरी, पिशवीत काय भोपळा नेऊन राह्यली?" हो म्हणाले.

आईची तक्रार. "हाक मारली तं वयूनबी पाहत नाई. कंपनीवरचा राग माह्यावर कायले काढते?"

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी म्हटलं, "बाबा, तीन चेंडू ऐकून द्या." मोठ्याने म्हणावं लागलं. दोनदा. ते हातची काठी ठेवून लगेच उठले. पाठ फिरवली. त्यांची पाठ इतकी अरुंद झालीय हे मी आधी पाहिलं नव्हतं.

पहिला – जुना हार्डविक, आमच्याच फळीवरचा, त्यांनी स्वतः 'घ्या' म्हटलेला. तीन टप्पे.

"बद्द. ठेव."

दुसरा – चाचांकडचा, नवा. तीन टप्पे.

"बद्द. ठेव."

कुठल्याही चाचणीत एक फेरी रिकामी घ्यायची असते. आम्हाला तसंच शिकवलंय. सवयीनेच घेतली. तिसरा चेंडू मी दोन्ही हातांत धरून उभी राहिले. टाकलाच नाही. समोरून एक टांगा गेला.

"बद्द," बाबा म्हणाले. "थोही ठेव."

मग वळले. हसत होते! "तिन्ही त्या नव्या कंपनीचेच आनले ना? बापाले बनवतं काय?"

मी म्हटलं, "हो. त्यांचेच." हे ते माझ्या ओठांवरून समजले असणार.

नव्या चेंडूची हवा परत सोडली. हवा जायला वेळ लागतो. तेवढा वेळ मला मान खाली घालून बसता आलं.

२० नोव्हेंबर. अमरावती

गेल्या वर्षी दिवाळीत ते सगळ्याच चेंडूंना 'घ्या' म्हणत होते. तेव्हा आम्हाला वाटलं, बाबा खुशीत आहेत.

२२ नोव्हेंबर, बुधवार

अय्युबचाचा प्रयोगशाळेच्या फाटकाशी आले. हातात छत्री, पाऊस नसताना. कंपनीचा फिरता माणूस त्यांच्याकडे येऊन गेला. त्याने जे सांगितलं ते असं: दोन कंपन्या एक झाल्या तेव्हाच वऱ्हाडातलं एक दुकान कमी करायचं ठरलं होतं. परत गेलेल्या पेट्यांमुळे दोन्ही बंद करायला आयतं निमित्त मिळालं. पण ज्याने तक्रार काढली त्यानेच 'ती चुकीची होती' असं लिहून दिलं आणि ते ३० तारखेच्या आत मुंबईला पोचलं, तर अमरावतीचं दुकान राहील. अकोल्याचं कसंही जाणार.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या त्याले चाय पाजली अन् वाटेले लावलं. तीस वर्साच्या मानसाले म्हनू, तू खोटा हायेस असं लिहून दे? तोबा!"

"चाचा, दुकान जाईल."

"जाईन ना. दर्यापूरले भावाचं किराणा दुकान हाये. मीठ विकाले कान लागत नाई."

मला जे माहीत होतं ते तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं. पण ते आधी बाबांना कळायला हवं. बाहेरच्याकडून नाही. चाचा बाहेरचे नाहीत, हे ठाऊक असूनही हेच मनात आलं.

"बापाले सांगू नोको हं," ते जाताना म्हणाले. "उगा झुरनीले लागंल."

२३ नोव्हेंबर

आमचं दुकान कशानेच वाचत नाही. चाचांचं वाचतं. बाबांच्या एका ओळीने.

ती ओळ लिहिली की गावात उरलेली बाबांची एकच गोष्ट जाते.

२५ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

दुपारी दुकानात पोचले. बाबा पाठमोरे, लेझमीच्या साखळ्या पुसत होते. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. नेहमीच्या आवाजात, शांतपणे, क्रमाने. रिकाम्या फेरीपर्यंत. शेवटी "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही" – हेही.

ते साखळ्या पुसतच राहिले. मग फडकं झटकायला वळले, मी दिसले.

"अवो! कवा आली?"

"आत्ताच."

खूप दिवसांनी चेहरा उजळलेला होता. शाळेचे उत्तमराव हेडमास्तर येऊन गेले म्हणे. यंदाच्या सामन्यांना नवे चेंडू घेणारच नाहीत. जुनेच ठिगळं लावून वापरणार. उत्तमरावांनी हातावर हात मारून सांगितलं, 'खुशालरावनं ठेवा म्हटलं, मंग घेनार कोन?' – हे सांगताना बाबांनी मलाही हातावर हात मारून दाखवला.

"एजन्सी गेली तं गेली," म्हणाले. "शबूद नाई गेला."

आई आतून चहाला हाक मारत होती. तीनदा. मी आत गेले.

ओरडून सांगता येईल. पण पायरी रस्त्यावर आहे. जे ओरडून सांगावं लागतं ते सगळ्या बाजाराला सांगितल्यासारखं होतं.

२६ नोव्हेंबर, रविवार

बाबा, ही वही मी कुणाला दाखवत नाही. आज तुमच्या गल्ल्यावर, चष्म्याखाली ठेवते आहे. १२ तारखेच्या पानापासून वाचा. जिथे मी कठोर लिहिलं आहे, तिथेही खरंच लिहिलं आहे.

अय्युबचाचांनी यातलं काही मागितलेलं नाही. त्यांना अजूनही तुमचाच कान खरा वाटतो. कंपनीला लिहायचं की नाही, आणि चाचांना तुम्ही सांगणार की मी, हे तुम्ही ठरवा. तुमच्या वतीने मी सही करणार नाही.

रजेची तार करते. उद्या अमरावतीला जात नाही.

मंगळवारी, २८ तारखेला, दुपारचं टपाल निघण्याआधी मला उत्तर द्या. इथेच लिहा. खाली जागा सोडली आहे.