आठ दिवसांचं ऊन

प्रिय मेघा,

सप्रेम जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोनवर बोलायला गेले की मी उगाच तुझ्या जेवणाखाण्याचं विचारत बसते, म्हणून लिहितेय.

यंदा टोमॅटो-मिरचीचं रोप मी स्वतः केलं. तुझेच रोपांचे ट्रे माळ्यावरून काढले. हे हसले, म्हणाले, सुनेची खोड सासूला लागली. मिरचीला सव्वा महिना, टोमॅटोला पंचवीस दिवस, असं तू पडवीच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं अजून आहे. त्याखाली, लावण्याआधी आठ दिवस ऊन. रोज थोडी थोडी सावलीची जाळी सारायची, पाणी कमी करायचं, आणि लावायचं ते दिवस कलल्यावरच. तेव्हा मला वाटायचं, चार बुकं शिकली म्हणून रोपांचे लाड चाललेत.

तीन वर्षांमागे, संक्रांत झाली आणि तू तुझ्या आईच्या आजारपणात कुंभिवलीला गेलीस. जाताना दहादा बजावलंस, मी आल्याशिवाय रोप हलवू नका. पण शेजारच्या इंदूबाईचं लावून झालं होतं आणि मला दम कुठला! सून येईपर्यंत थांबायला मी काय या घरात पाहुणी आहे? हे कर्जतला गेलेले. भर दुपारी, एकटीनं, सावलीतलं रोप उचललं आणि चार वाफे लावले. संध्याकाळी सगळ्यानं मान टाकली, ती पुन्हा उचललीच नाही.

तू आलीस तेव्हा माझ्या कपिलसमोर मी म्हणाले, ऊन दाखवलं होतं गं, संध्याकाळीच लावलं, रोपच कच्चं तुझं. मग मी तेच गावभर सांगत सुटले. ज्यांनी तुझ्याकडे रोप सांगितलं होतं ते एकेक करून नको म्हणाले. तू जाळी उतरवलीस, दोघं खालापूरला गेलात, आणि आता दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात उभी असतेस. माझ्या खोटेपणानं तुझा हातचा धंदा गेला, पोरी. मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही.

परवा दिवस कलल्यावर रोप लावलं. आज दुपारी बघते तर एक पान मलूल नाही. इंदूबाई बांधावरून म्हणाली, जानकी, असलं रोप कुठनं आणलंस गं? मी तिथंच बसले आणि तिला सगळं खरं सांगून टाकलं. उद्यापर्यंत पळसदरीभर होईल, होऊ दे. पण तुला ते माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून हे पत्र. कपिललाही वाचायला दे. इंदूबाईला पुढच्या लावणीला चारशे रोपं हवी आहेत. मेघा देते का विचारते, एवढंच म्हटलं मी.

तुझीच,
आई