पाटीवरची कामे आणि माझ्यामागे ती लिहिणारा

मी, महामाया प्रसेनजित हिवाळे, वय वर्षे एकावन्न, व्यवसाय कॉलेजात कारकुनी व फावल्या वेळी साप्ताहिकात लोकांची उणीदुणी काढणे, राहणार बुलढाणा, कोणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवते की माझी बुद्धी जागेवर आहे, पाटीची पेन्सिल मात्र जागेवर नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला पाटी आहे, पाटीला दोरी आहे, दोरीला पेन्सिल होती. दोरी उरली. तीन माणसांच्या घरात आठवडाभर चौकशी चालू असून एकानेही गुन्हा कबूल केलेला नाही. सध्या कॉलेजातल्या खडूवर भागवते.

मोठे दुःख आधी नोंदवले. लहान असे की, सोमवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काही काळजी करू नका," आणि लगेच माझ्यापुढे सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा ठेवला. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. राहते घर माझ्या नावावर आहे व त्याचे हप्ते मी फेडले आहेत. माझे पती प्रसेनजित यांनी त्यात हयातभर राहावे. त्यांच्यानंतर घर आमची मुलगी पायल हिचे. पतीच्या हक्काला एक अट आहे, ती कलम ५ मध्ये. त्यांनी थेट तिकडे उडी मारू नये.

कलम २. गृहप्रवेशाला धाकटे दीर अश्वजित यांनी दिलेला मिक्सर त्यांना पुण्याला परत पाठवावा. तो आवाज भरपूर करतो, वाटत काही नाही. घरच्या घरी राहील.

कलम ३. पाटी. माझ्या सासूबाई सिंधूताई यांना आता बरेच आठवत नाही. जेवल्याचे विसरतात, कधी मलाही विसरतात. वाचायचे मात्र विसरलेल्या नाहीत. म्हणून रोज सकाळी मी त्यांच्यासाठी कामे लिहिते. दात घासणे. गोळी घेणे. तसबिरी पुसणे. हरभरा निवडणे. एकेक काम झाले की त्या ओल्या बोटाने ती ओळ पुसतात. पाटी कोरी झाली की म्हणतात, "झालं बाई माह्यं काम," आणि निवांत होतात. हरभरा निवडलेलाच असतो. खडे मी टाकते. हे काम पतीने पुढे चालू ठेवावे. खडे बारीक नकोत, आईंना दिसत नाहीत.

कलम ४. पाटी कशी लिहू नये. मागच्या महिन्यात आम्ही दोघे माझ्या तपासण्यांना गेलो. त्या दिवशी पाटी पतीने लिहिली. आई बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळ्यांत वर लिहिले, "दार बंद ठेवणे." दिवस मावळता परत आलो आणि कडी वाजवली.

"कोन हाये बे?"

"आई, मी प्रसेन. दार उघड."

"कसं उघडू? पाटीवर बंद ठेवाचं लिव्हेल हाये. काम झालं नाही अजून."

"अवं, म्याच लिव्हलं ते!"

"मंग तुलेच समजाले पाह्यजे."

मी खिडकीतून म्हटले, "आई, ती ओळ पुसून टाका." त्यांनी पुसली आणि दार उघडले. सकाळपासून त्या कडीला हात लावून उभ्या होत्या. भाकर झाकलेली तशीच, गोळी तशीच, पाय सुजलेले. पती पायरीवर बसून रडले. तरी ज्याला शेवट नाही असे काम पाटीवर लिहायचे नाही. 'सांभाळून राहणे', 'काळजी घेणे' हे तर अजिबात नाही.

कलम ५. त्या प्रकारानंतर अश्वजितभाऊंचा फोन आला. "वहिनी, पुण्यात चांगल्या संस्था आहेत. आईला तिथं प्रोफेशनल केअर मिळेल. दादा हो म्हणालाय." मी दादांकडे पाहिले. ते म्हणाले, "तू हायेस तवर ठीक हाये, माया. तू नसली तं मले जमन का?"

जमेल. न जमल्यास असे की, सिंधूताईंना त्यांच्या हयातीत या घरातून कुठल्याही संस्थेत हलवल्यास पतीचा राहण्याचा हक्क त्याच दिवशी संपेल आणि घर पायलच्या ताब्यात जाईल. तिला विचारले आहे. ती म्हणाली, "आजीले मी ठेवीन मम्मी, तू फक्त वापस ये." यातल्या दुसऱ्या भागाची हमी मला देता येत नाही, म्हणून पहिला भाग कायद्यात बसवला आहे.

कलम ६. एक किरकोळ देणे. आईंचे माहेर वडनेर भोलजी. "वडनेरले कवा नेतं वं?" असे त्या रोज विचारत, आणि मी "पाटीवर लिव्हते" म्हणत असे. लिहिले की करावे लागते, म्हणून कधी लिहिले नाही. आज सकाळी लिहिले आणि आम्ही दोघी एसटीने जाऊन आलो. तिथे आईंना कोणी ओळखले नाही, आईंनीही कोणाला नाही. शाळेच्या ओट्यावर बसून भजी खाल्ली. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्यांनी ती ओळ पुसली. हे देणे वारसांकडे मागू नये.

साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली व माझ्यादेखत आपल्या केल्या.

सही : महामाया प्रसेनजित हिवाळे
साक्षीदार : १. नागसेन वानखडे, शेजारी
२. अन्नपूर्णाबाई जवंजाळ, शेजारीण
स्थळ : बुलढाणा
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार