टॉफीला शेळीचा डोस

४ जुलै, शुक्रवार, सकाळी ९
आमची पोरगी शिवरंजनी ट्रेनिंगसाठी हैदराबादला. सहा महिने. तोवर तिची टॉफी आमच्या गळ्यात. कॉली जातीची, लांब तोंडाची, केसाळ. पोरीनं बजावलंय: डास चावून कुत्र्याच्या हृदयात किडे होतात, आधी रक्त तपासा, मग महिन्याला एक गोळी. गोळी ऑनलाइन मागवा.

नसती कौतुकं. मी वीस वर्षं शेळ्यांना जंताचं औषध पाजतोय. गोळीतलं औषध आणि माझ्या बाटलीतलं औषध एकच, मोबाईलवर चेक केलं. टॉफी अठरा किलो, काळी शेळीही अठरा. म्हणजे डोसही तोच. सिंपल.

दुपारी ४
पाजलं. शेजारच्या अक्रमच्या गावठी कुत्र्यालाही पाजलं. समाजसेवा.

५ जुलै, शनिवार
अक्रमचं कुत्रं गल्लीभर उड्या मारतंय. टॉफी मात्र लाळ गाळते, चालताना भिंतीला धडकते. हवा मानवली नसावी. बायको गिरिजा म्हणाली, अवो, तुमी काय दिलं तिला? मी म्हणालो, कुठं काय.

सातला पोरीचा व्हिडिओ कॉल. कॅमेरा टॉफीच्या शेपटीवर धरला. झोपलीय म्हणालो. औषध दिलं का? दिलं. हे तर खरंच आहे.

६ जुलै, रविवार
अक्रमच्या रिक्षातून भूमला, जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, काय पाजलं, किती? अक्रम बोलणार तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. सांगितलं, शेळ्यांचं औषध सांडलं होतं, दोन थेंब चाटले असतील. मग उतरेल म्हणाले. सलाईन लावून घरी पाठवलं. विषय संपला.

७ जुलै, सोमवार, सकाळी ७
संपला नाही. टॉफी उठतच नाही. डोळ्यासमोर हात हलवला तरी पापणी लवत नाही. तिला पेंडीच्या खोलीत ठेवलंय. गिरिजानं मलाही आत बसवून बाहेरून कडी घातली. म्हणाली, खरं सांगस्तोर भाईर यायचं न्हाय. पंचावन्न वर्षांच्या माणसाला ही वागणूक!

निर्धार: सांगायचं नाही. आमचं निम्मं ईट गाव शेळ्यांसाठी माझा सल्ला घ्यायला येतं. एका कुत्रीपायी नाव घालवू?

सकाळी ९
पेंडीचा वास डोक्यात गेलाय. खिडकी नाही. निर्धार कायम.

सकाळी ११
टॉफीचा श्वास मोजतोय. मधेच थांबतो. पुन्हा सुरू होईपर्यंत माझाही थांबतो.

११.१०
भीती वाटतेय. ती मेली तर पोरीला तोंड कसं दाखवू? दार बडवलं. गिरिजाला सगळं सांगितलं. मग डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, अहो, हार्टवर्मला लागतं त्याच्या तीसपट पाजलंत! गावठी कुत्र्याला बहुतेक वेळा पचतं, कॉलीच्या मेंदूत चढतं. काल खरं बोलला असतात तर घरी पाठवलीच नसती. लगेच आणा.

शिवरंजनीलाही मीच कळवलं. रागावली नाही. निघते म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

९ जुलै, बुधवार
टॉफी दवाखान्यात. पोरगी तिच्या उशाला. अप्पा, तुमी आत येऊ नका, म्हणाली. बाहेर बाकावर बसलोय. घरीही जाववत नाही.

१३ जुलै, रविवार
महादेव पावला. टॉफी चालायला लागली. काल घरी आणली, पोरीच्या हातून दूधभात खाल्ला. मी वाटी पुढं केली तर खाटेखाली शिरली. लई वाईट वाटलं.

आज शिवरंजनी तिला घेऊन हैदराबादला गेली. निघताना माझ्या बीपीच्या गोळ्या आईच्या हवाली केल्या. म्हणाली, अप्पांच्या मनावर सोडू नको, समोर उभं राहून दे.

गिरिजानं लगेच अंमल सुरू केला. गोळी जिभेवर ठेवली, हनुवटी वर धरली, गिळेपर्यंत गळ्यावरून हात फिरवला. मग तोंड उघडून बघितलं आणि म्हणाली, गेली खाली, जावा आता.

गेलो.