विघ्नेश्वरला हुबळीला नेलं

शिरसी, ३ फेब्रुवारी १९९२

चि. विघ्नेश्वर यास नागवेणीअक्काचे भरभरून आशीर्वाद.

तुझ्या सुमंगलाचं पत्र आलं. ऐन हंगामात यक्षगानाचा मेळा सोडून तू घरी आलास म्हणे. माडीवर पडून असतोस, ताकभातालाही शिवत नाहीस. तुझे भावोजी म्हणाले, मेळ्यातल्या आमच्या रावणाला दहा तोंडांचं जेवण जड झालं असेल. मी हसले, पण ताट तसंच ठेवून हे पत्र लिहायला बसले. काका मांत्रिक आणणार आहेत. त्याला नारळ देऊन दारातूनच परत पाठव. हुबळीला मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई आहेत, माझ्याबरोबर चल. पोरीला पापा.

तुझी अक्का

होन्नावर, ११ फेब्रुवारी

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

काका म्हणतात हा आळस आहे. मलाही तसंच वाटतं. परवा पोरीनं घुंगरू बांधून माझ्यासारखी गिरकी घेतली, आणि माझ्या आत काहीच हललं नाही. हुबळीला गेलो तर मेळ्यात वेडा ठरेन. मग मला रावणाचा वेष कोण देईल? सुमंगला तरुण आहे. मी नसलो तर तिचं आणि पोरीचं सुटसुटीत होईल. भावोजींना नमस्कार. तुझी माया आजवर पुष्कळ घेतली.

विघ्नेश्वर

शिरसी, १४ फेब्रुवारी

विघ्ना,

हे पत्र पोस्टात न टाकता बसच्या कंडक्टरकडे देतेय. तुझ्या शेवटच्या ओळी वाचल्या. आडून आडून विचारत नाही, जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर आत्ता, हे पत्र हातात असतानाच सुमंगलाला सांग. तिलाही चिठ्ठी दिलीय. मी येईपर्यंत ती तुला एकटं सोडणार नाही, तिच्यावर चिडू नकोस. उद्या सकाळच्या बसनं निघते.

आणि एक ऐक, हे फक्त भावोजींना ठाऊक आहे. श्रीपाद झाला तेव्हा अंगात रक्त कमी आहे असं मी कळवलं होतं. रक्त चांगलं होतं रे. पोर कुशीत रडायचं आणि मला वाटायचं, हे कुणाचं? याच डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या वर्षभर घेतल्या. तू अप्पेमिडी कैऱ्यांचं लोणचं पाठवलं होतंस ना? एके दिवशी त्याची चव लागली आणि मी चुलीपुढे बसून रडले. बरी झाले ती गोळ्यांनी, लोणच्यानं नव्हे, उगाच फुशारू नकोस! तुला तुझी अक्का वेडी वाटते का?

येतेय. वाट बघ.

अक्का

होन्नावर, ९ ऑगस्ट

ती. अक्कास नमस्कार, भावोजींनाही.

पहिल्या गोळ्यांनी नुसती झोप यायची, तेव्हा मनात तुला शिव्या घातल्या. बाईंनी त्या बदलून दिल्या. अजूनही काही सकाळी उठवत नाही. सुमंगला तेव्हा खिडकी उघडून जवळ बसते. काल मात्र पोरीनं माझ्या चालीची नक्कल केली आणि मला हसू फुटलं. तीच दचकली.

परवा मेळ्याचे गायक भागवत घरी आले, काय झालं होतं म्हणून विचारू लागले. पाठदुखी असं ओठांवर आलं होतं. पण सांगून टाकलं, मनाचा आजार होता, हुबळीला औषध चालू आहे. ज्यांच्या आवाजावर आम्ही सारे नाचतो त्या माणसानं पुढ्यातलं पानाचं तबक बाजूला सारलं. मग खालमानेनं म्हणाले, आमची बायको गेल्या दिवाळीपासून कुणाशी बोलत नाही, तिला नेशील का?

गुरुवारी आम्ही तिघं हुबळीला निघतोय. वाटेत जेवायला तुझ्याकडे उतरू. वहिनींना काही विचारू नकोस, तुझ्या शेजारी त्यांचं पान मांड.

तुझा,
विघ्ना