एका घराचे दोन पत्ते

प्रिय कात्रीबाई,

तू परवा फोनवर म्हणालीस की दिग्दर्शकबाईंना सरळ नकार कळवून टाकते, दुसरा संकलक शोधा म्हणते. माहेरी आईंना एकटं ठेवता येत नाही आणि तिथे बसून तुला काम करता येत नाही, मग उगाच त्यांना तंगवून का ठेवायचं. मी नुसतं हं केलं. तुला वाटलं असेल, या माणसाला कशाचं काही पडलेलंच नाही. पण तुझ्या फोनशेजारीच आईंची खाट, आणि मला जे बोलायचं होतं ते आधी तुझ्याच कानावर घालायचं होतं. म्हणून हे पत्र. ते पुरतं वाचून होईपर्यंत तो नकार पाठवू नकोस, एवढं माझं ऐक. माहितीपटातल्या, दीपगृहाच्या त्या म्हाताऱ्या जोडप्याबरोबर तू इतके दिवस काढलेस. काच पुसता पुसता म्हातारा कुठे थांबतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? दुसऱ्या कोणी कात्री लावली तर माहितीपट पुरा होईल, पण तो तुझा नसेल.

आता घरची बातमी. ज्याला फ्यूज बदलायलाही शेजारी लागतो, त्या तुझ्या नवऱ्याने घरात जाळं विणलं आहे. कोळ्याचं नव्हे, ते तू गेल्यापासून आपोआप विणलं जातंच आहे. हे संगणकांचं. जिन्याखालच्या अडगळीत एक जुना संगणक ठेवला, त्याच्या पोटात तुझं सगळं चित्रीकरण भरलं आणि तिथून एक तार वर माझ्या नकाशांच्या खोलीत नेली. तुझं यंत्र, तुझे पडदे, तुझी ती करकरणारी खुर्चीसुद्धा आता वर आहे. तुझ्या खोलीतली टाचणीही हलवायची नाही असा तुझा हुकूम होता, तेव्हा कपाळावर आठ्या पडल्या असतील. कारण आहे आणि ते सांगणार आहे, पण आधी माझी फुशारकी ऐकून घे. इतक्या वर्षांत मला फुशारकी मारायची संधी मिळाली आहे कुठे.

प्रथम मी मोठ्या दुकानात चौकशी केली आणि किंमत ऐकून आल्या पावली परत फिरलो. मग कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला गाठला, ज्याला तू डॉक्टर म्हणतेस. तो म्हणाला की ही हौस नव्या मालात करायचीच नाही, मोडीत करायची. कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेली दोन नेटवर्क कार्डं, म्हणजे तार जोडायला प्रत्येक संगणकात बसवायच्या पट्ट्या, त्याने मिळवून दिली. ती बिचारी जन्मभर थंडगार खोलीत राहिलेली, त्यांतलं एक आपल्या अडगळीत येताच तापायला लागलं. मी टेबलावरचा चिमुकला पंखा सुतळीने बांधला तेव्हा कुठे त्याचा राग शांत झाला. सगळ्यात महाग निघाला तो स्विच, म्हणजे सगळ्यांच्या तारा जिथे एकत्र येतात तो डबा. त्यावर डॉक्टर म्हणाला की यंत्रं जर दोनच आहेत तर मध्यस्थ हवाय कशाला, थेट एकमेकांना जोडा. आपलं लग्नही मध्यस्थाशिवायच जमलं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

तार काचेची आहे, सुतळीहून बारीक. कोपऱ्यात दुमडली की कामातून गेली. ती जिन्याच्या कडेने वर नेताना मी अख्खा रविवार गुडघ्यांवर काढला. तुला हसू येईल, पण मी तिच्याशी बोलत होतो. घरात दुसरं बोलायला आहे कोण?

मग सगळं जोडलं, हिरवे दिवे लागले, आणि दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळख देईनात. डॉक्टरने येऊन पाहिलं आणि तो तुझ्या खुर्चीत बसून पोट धरून हसला. अशा प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो, आणि मी दोघांना एकच दिला होता. माझा हिशेब सरळ होता. घर एक, दार एक, टपाल येतं ते एकाच पत्त्यावर, मग यांचेच काय चोचले? जन्मभर पोरांना अक्षांश-रेखांश शिकवलेल्या माणसाने हे करावं. डॉक्टरने समजावलं की एका पत्त्यावर दोघं बसले की बोलणंच खुंटतं, एका छताखाली राहायला हरकत नाही पण ज्याची त्याची जागा वेगळी हवी. त्याने शेवटचा आकडा बदलला आणि दोघं अशी बोलायला लागली, जणू मधे काही झालंच नव्हतं.

मला तुझ्या आई आठवल्या. त्या मागे इथे राहायला आल्या तेव्हा आम्हा दोघांना खिडकीजवळची तीच खुर्ची हवी असायची, तेच वर्तमानपत्र आणि तूही त्याच वेळी. मग ‘मास्तरांना सांग’ आणि ‘आईंना विचार’ करत आम्ही सगळं तुझ्यामार्फत बोलायचो. भांडण म्हणावं तर एकही झालं नाही. त्यांनी नुसतं मास्तर म्हटलं तरी मी हात पुढे करून छडीची वाट बघायचो, एवढंच.

तर वेगाबद्दल. तो वादळाचा प्रसंग आठवतो ना, जो एका डिस्कवरून दुसरीवर न्यायला लावून तू चहा ठेवायचीस, प्यायचीस, कप विसळायचीस, तरी पट्टी अर्ध्यावरच असायची? मी आधण ठेवायला उठलो, तोवर काम संपलं. वर बसून तोच प्रसंग थेट खालच्या डिस्कवरून चालवला, एकदाही अडखळला नाही. आणि कानाशी डिस्कची घरघर नसल्यामुळे म्हातारीचा तो उसासा पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. खालून कोणी हाक मारली तर तीही ऐकू येते. डॉक्टरला तुझ्या खोलीत निजवून मी ते तपासलं, त्याने फारच मनापासून कण्हून दाखवलं. माझे नकाशे आपल्या पलंगाखाली गेले आहेत. झोपताना खाली अख्खी आफ्रिका असते, पण तक्रार नाही.

आता कारण. मागच्या भेटीत तू औषधं आणायला गेलीस तेव्हा आईंनी मला खाटेजवळ बोलावलं. म्हणाल्या, “मास्तर, हिला घेऊन जा. मी राहीन माझी पडून, पण माझ्यापायी हिचं काम जायला नको.” मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. त्यांना जिना चढवणार नाही. न्हाणीला लागून असलेली खोली आपल्याकडे एकच, आणि तिच्यात तुझं काम मांडलेलं. म्हणून तू मला कधी विचारलंच नाहीस, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे. आज सांगतो. ती खोली मोकळी केली आहे. खाट खिडकीशी लावली आहे, न्हाणीत धरायला दांडा बसवला आहे, दारातला उंबरा काढून टाकला आहे. तुझ्यावाचून मला करमत नाही, घर खायला उठतं, हेही लिहून टाकतो, कारण फोनवर माझ्याच्याने ते बोलवत नाही. हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यांना म्हणावं, मास्तर तुमच्या मुलीला न्यायला येणार नाही. तो दोघींना न्यायला येणार आहे, वार तेवढा तुम्ही सांगा.

तुझाच, आणि जमेल तसा आईंचाही,
मास्तर