दाराकडे तोंड केलेले बूट

तीर्थरूप आईस,

कालव्याकाठच्या चेरीची पानं गळायला लागली. तुझा गुडघा थंडीत छळत असेल ना? माझा खोकला गेला, जेवतेही वेळेवर. इथल्या जुन्या वखारींत आता कॉफी भाजतात, त्या वासानं भूक लागते.

काल गल्लीमागच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेले. एका दालनात नुसता घराचा उंबरा मांडला होता आणि त्यापाशी कुणी नुकतंच आत आल्यासारखे, घराकडे तोंड केलेले पुरुषाचे जुने बूट. तुझीच लेक मी! सवयीनं वाकले आणि ते दाराकडे तोंड करून नीट ठेवले, जाणाऱ्याला पटकन पाय घालता यावेत म्हणून.

तिथली राखणदार बाई धावत आली. "अहो ताई, हात काय लावता? कलाकृती आहे ती!"

"माफ करा, आईनं लावलेली सवय," म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं.

ती बिचारी घाबरली. हळूच म्हणाली, "असू द्या हो. माझेही हात दिवसातून दहादा शिवशिवतात."

आई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तू अजून रोज त्यांचे बूट पुसून दाराकडे वळवून ठेवतेस, कामावर निघायचे असल्यासारखे. आता एकदा ते घराकडे वळव ना. बाबा नुकतेच आत आलेत असं वाटेल.

तुझी,
चिझुरु