मान वळवलेला मोर

प्रिय संयोगिता,

हुपरीच्या एस.टी. स्टँडवर तुझ्या क्लिनिकचा फ्लेक्स लागलाय. 'लेसरनं चेहऱ्यावरचे केस घालवा.' डावीकडे हनुवटीवर खुंट असलेली मुलगी, उजवीकडे तीच, गुळगुळीत. डोळ्यांवर काळी पट्टी. मी फोन केला तर म्हणालीस, पट्टी आहे की, कोण ओळखतंय! अगं, या चांदीच्या गावात माणसं आधी दागिना बघतात, मग तोंड. कानात माझे झुबे दिसतायत, मान वळवलेल्या मोराचे. बाबांनी तो जोड आयुष्यात एकदाच घडवला, माझ्या बारावीच्या निकालाला.

आई गेली त्या वर्षी मला दाढीसारखे केस यायला लागले आणि ते मी फक्त तुला दाखवले. तुमच्या माडीवर कडी लावून, दातात दोरा धरून तू ते उपटायचीस. मी रडले की तूही रडायचीस. बाबांसमोर मी आजवर तोंडावर ओढणी घेतल्याशिवाय बसले नाही. कोल्हापुरात तू मशीन आणलंस तेव्हा पहिली मीच आडवी झाले. रबर ताणून सोडल्यासारखे फटके बसत होते, पण हात तुझा होता, म्हणून हूं की चूं केलं नाही. फोटो काढताना म्हणालीस, फरक कळायला, आपल्या दोघींतच राहील. केसानं गळा कापलास गं.

बाबांनी फ्लेक्स पाहिला. घरी येऊन जेवलेही नाहीत. थेट कामाला बसले. घरात होती नव्हती ती चांदी काढली आणि तोच मोर, तेच झुबे, एकामागून एक. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मग गल्लीतल्या पोरींना वाटायला लागले. शेजारच्या मदिहाला, समोरच्या अनुजाला, दूधवाल्या बयाबाईच्या सुनेला. आज स्टँडवर बघावी ती पोरगी तो मोर घालून उभी. फ्लेक्सवरची नेमकी कोण, हे आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

सोबत एक जोड पाठवतेय. बाबांनीच दिला. म्हणाले, तिलाबी दे, ल्हानपणापास्नं आपल्यात जेवल्याली पोरगी हाय. त्यांचं मन मोठं, माझं नाही. उरलेल्या सिटिंगना मी येणार नाही. राहिलेल्या केसांचं माझं मी बघेन. तू हे झुबे घाल आणि त्या फ्लेक्सवर आता स्वतःचा फोटो लाव. पट्टी न लावता.

'तुझीच' लिहवत नाही,
निशिगंधा